रेचेल कार्सन यांना न मिळालेलं उत्तर

कीटकनाशकांच्या बेसुमार वापराचे धोके जगापुढे मांडणाऱ्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या पुस्तकाच्या लेखिका म्हणून रेचेल कार्सन आपल्याला माहीत आहेत. १९०७ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात जन्मलेल्या कार्सन मूळच्या सागरी जीवशास्त्रज्ञ. सरकारी मत्स्य विभागात त्यांनी बरीच वर्षं नोकरी केली. १९५१ मध्ये आलेल्या समुद्रावरच्या पुस्तकानं त्यांना कीर्ती दिली.

‘सायलेंट स्प्रिंग’चं लेखन सुरू असतानाच, १९६० मध्ये गाठींमुळे त्यांचा एक स्तन काढावा लागला. हा कर्करोग आहे का, असं त्यांनी सर्जनना विचारलं. पण सर्जननी खरं सांगितलं नाही आणि पुढचे उपचारही सुचवले नाहीत. तेव्हा अशीच रीत होती. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शिकागोतल्या एका पाहणीत सुमारे ९० टक्के डॉक्टरांचा कल कर्करोगाचं निदान रुग्णाला न सांगण्याकडे होता.

काही महिन्यांतच छातीवर नवी गाठ जाणवली. क्लीव्हलंडच्या डॉ. जॉर्ज क्राइल यांनी आजार पसरल्याचं स्पष्ट सांगितलं आणि मग रेडिएशन सुरू झालं. विरोधक आजाराचं भांडवल करतील म्हणून कार्सन यांनी तो जाहीर होऊ दिला नाही. पुस्तक १९६२ मध्ये आलं. पुढच्या वर्षी त्यांनी सिनेटच्या समितीपुढे साक्षही दिली. १४ एप्रिल १९६४ रोजी, ५६ व्या वर्षी, त्यांचं निधन झालं.

वेळेवर खरं कळलं असतं, तर त्या वाचल्या असत्या का, हे सांगता येत नाही. मात्र निर्णय त्यांच्या हाती राहिला असता.

आपल्याकडे आजही अनेक घरांत पेशंटला काही सांगू नका, अशी डॉक्टरांना गळ घातली जाते. जिथे विज्ञानाचंच उत्तर अपुरं असतं, तिथे खरं बोलणं आणखी अवघड. दरमहा ठरावीक पद्धतीनं स्तन स्वतः तपासण्याचा सल्ला अनेक वर्षं खात्रीनं दिला गेला. पण शांघायमधल्या सुमारे २ लाख ६६ हजार कामगार स्त्रियांच्या अभ्यासात, ही पद्धत शिकवल्यानं मृत्यू कमी झाले नाहीत; साध्या गाठींच्या बायॉप्सी मात्र वाढल्या. २००२ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

याचा अर्थ शरीराकडे दुर्लक्ष करावं, असा नाही. नवी गाठ, त्वचेवर खळगा, स्तनाग्रातून रक्त, असं काही दिसलं तर महिनाअखेरची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावं. रिपोर्टमध्ये काय आलं, कशाची खात्री आहे आणि कशाची नाही, हे स्वतः विचारावं. उत्तर मिळेपर्यंत विचारावं.