रामशास्त्री प्रभुणे

रामशास्त्री प्रभुणे (मृत्यू: २५ ऑक्टोबर १७८९) हे पेशवाईतील विख्यात न्यायाधीश होते. त्यांचा जन्म साताऱ्याजवळील माहुली येथे झाला. काशी येथे धर्मशास्त्राचे अध्ययन करून ते १७५१ मध्ये पेशव्यांच्या सेवेत दाखल झाले व १७५९ मध्ये मुख्य न्यायाधीश झाले.

पेशवाईत गावचे तंटे पाटील व पंचायत, तर त्यावरील वाद मामलेदार पाहत असत; तेथे न सुटलेली प्रकरणे पुण्यास येत. धर्मशास्त्राचा पेच उभा राहिल्यास सरकार शास्त्र्यांचे मत मागवी. शास्त्र्यांनी आधार सांगावा व अंमल सरकारने करावा, अशी ही रीत होती. मत स्वीकारणे मात्र सत्ताधीशाच्या हाती असे.

या रीतीची कसोटी ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात झालेल्या नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर लागली. रामशास्त्र्यांच्या चौकशीत नारायणरावांचे चुलते रघुनाथराव दोषी आढळले. रघुनाथरावांनी प्रायश्चित्त विचारले असता देहान्ताखेरीज अन्य प्रायश्चित्त नाही, असे त्यांनी सांगितल्याची परंपरा आहे. मत विचारणाराच दोषी आणि तोच सत्ताधीश असल्याने त्याची अंमलबजावणी होणे शक्य नव्हते. तथापि रामशास्त्र्यांनी मत बदलले नाही. पद सोडून ते वाईजवळील पांडववाडी येथे गेले. पुढे बारभाईंनी कारभार हाती घेतल्यावर त्यांना सन्मानाने परत बोलावले.

त्यांच्या जीवनावर प्रभात फिल्म कंपनीने १९४४ मध्ये ‘रामशास्त्री’ हा चित्रपट काढला. निःस्पृह न्यायाधीशाला मराठीत आजही रामशास्त्र्यांची उपमा दिली जाते.