उंदराचा कुष्ठरोग आणि डॉ. खानोलकर

सुगीत आमच्या मुधोळच्या घरी ज्वारीची पोती रचली की उंदीर आलेच. एकदा पोत्यांमागे केस झडलेला, अंगभर व्रण पडलेला एक मेलेला उंदीर सापडला. त्याला महारोग झाला आहे, हात लावू नकोस, असे आजीने बजावले. ती भीती माझ्या मनात कित्येक वर्षे राहिली.

पुढे जीवशास्त्र शिकताना कळले की उंदरांना कुष्ठासारखा रोग खरोखरच होतो. ओडेसा येथे स्टेफान्स्की यांनी १९०३ मध्ये त्याचा जंतू दाखवला. मायकोबॅक्टेरियम लेप्रेम्युरियम हे त्याचे नाव. मांजरांनाही तो ग्रासतो. माणसाला मात्र त्यापासून कुष्ठ होत नाही. माणसाच्या कुष्ठाचा जंतू हॅन्सेन यांनी १८७३ मध्ये पाहिला, पण तो प्रयोगशाळेत वाढेना. म्हणून अनेक संशोधक उंदराच्या जंतूवरच प्रयोग करीत. या वाचनातच डॉ. वसंत रामजी खानोलकर यांची ओळख झाली.

त्यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा. लंडन विद्यापीठातून १९२३ मध्ये विकृतिशास्त्रात एम. डी. होऊन ते परतले आणि मुंबईत अध्यापन करू लागले. पुढे टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयोगशाळा त्यांनी उभारल्या. धोतराच्या काचाने कमरेला होणारा कर्करोग त्यांनी वैद्यकविश्वापुढे मांडला. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते.

कुष्ठरोगात त्यांनी माणसाच्या मज्जातंतूंकडे लक्ष वेधले. रोगाच्या अगदी आरंभीच्या चट्ट्यांचे सूक्ष्मदर्शकाखाली केलेले त्यांचे अध्ययन १९५१ मध्ये प्रसिद्ध झाले. जंतू मज्जातंतूंत लवकर शिरतो, हे त्यांनी दाखवले. त्याच धाग्याने १९५८ मध्ये बापट व कमल रणदिवे यांच्यासह त्यांनी मानवी मज्जापेशींच्या साहाय्याने रुग्णाच्या ऊतीतून एक जंतू वाढवला. तो खरा कुष्ठजंतू नव्हे, असे पुढे ठरले. खरा जंतू कृत्रिम माध्यमात आजही वाढत नाही. पण त्यांच्या जंतूपासून मुंबईत लस तयार झाली आणि दक्षिण भारतातील मोठ्या चाचणीत, १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तिने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिले. हे पाहायला डॉक्टर नव्हते. १९७८ मध्येच ते निवर्तले.

आजी आता नाही. उंदराची भीतीही गेली. पण अंगावरचा बधिर चट्टा बाहीखाली लपवणारी माणसे मला अजून भेटतात. चट्टा बधिर होतो तो मज्जातंतूला इजा झाल्यामुळे, आणि उशीर झाला तर बोटे वाकतात, हे मी त्यांना सांगतो. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. एवढे सांगायचे धैर्य मला डॉ. खानोलकरांच्या चरित्राने दिले.