आधी छप्पर, मग कॉलेज

सिद्धार्थ आणि मिलिंद महाविद्यालयांचे नाव निघाले की आपल्या समाजाची मान ताठ होते. ती झालीच पाहिजे. पण या महाविद्यालयांच्या वीस वर्षे आधी बाबासाहेबांनी सोलापुरात काय उभे केले, हे आपल्या किती तरुणांना ठाऊक आहे?

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव १९१२ मध्ये बी. ए. झाले. १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि तेथील वसतिगृहात राहिले. जात विचारून कोणी दार लावून घेतले नाही. १९१७ मध्ये नोकरीसाठी बडोद्याला आले, तेव्हा मात्र या महाविद्वानाला राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत खोटे नाव सांगून राहावे लागले. जात कळताच लाठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला आणि त्यांना सामानासकट बाहेर पडावे लागले. बडोद्याच्या बागेत झाडाखाली बसलेल्या बाबासाहेबांनी त्या दिवशी जे भोगले, ते आपल्या पुढच्या पिढ्यांना भोगावे लागू नये यासाठीच त्यांचे सारे आयुष्य खर्ची पडले.

२० जुलै १९२४ रोजी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. त्या वेळी हायस्कूल शहरात होते आणि आपला मुलगा खेड्यात. शहरात त्याला खोली कोण देणार? खाणावळीत पंगतीला कोण बसवणार? फी माफ झाली तरी तो शिकणार कसा? बाबासाहेबांनी रोगाचे मूळ ओळखले. ४ जानेवारी १९२५ रोजी सभेने सोलापुरात हायस्कूलच्या अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. जेवण, कपडे, वह्या-पुस्तके यांचा भार सभेने उचलला. सोलापूर नगरपालिकेने दरमहा ४० रुपये मदत दिली. स्थानिक व्यवस्था जिवाप्पा ऐदाळे यांनी सांभाळली. हेच ऐदाळे १९३७ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षातर्फे निवडून आले.

सातासमुद्रापलीकडे कृष्णवर्णीय बांधवांनीही हीच वाट चोखाळली होती. गुलामगिरी संपल्यावर वर्षभरातच, १८६६ मध्ये, नॅशव्हिल येथे फिस्क हे छोटे विद्यालय लष्कराच्या जुन्या इस्पितळाच्या बराकीत सुरू झाले. पैसा संपत आला तेव्हा १८७१ मध्ये तेथील विद्यार्थी गावोगाव गाणी गात निघाले. त्या पैशातून उभी राहिलेली ज्युबिली हॉल ही इमारत म्हणजे विद्यार्थ्यांचे वसतिगृहच होय. याच फिस्कमधून १८८८ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस पदवीधर झाले. पुढे १९४६ मध्ये बाबासाहेबांनी त्यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रसंघाकडे कृष्णवर्णीयांनी केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या.

त्याच वर्षी, २० जून १९४६ रोजी, पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ महाविद्यालय मुंबईत सुरू झाले. तेही सुरुवातीला बराकीतच. १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंदची पायाभरणी करणारे महाविद्यालय आणि त्याभोवती वसतिगृहे आली. दोन्ही महाविद्यालयांची दारे सर्व जातींना खुली होती. ६ डिसेंबर १९५६ रोजी महापरिनिर्वाण होईपर्यंत बाबासाहेबांचे लक्ष या संस्थांवरून ढळले नाही.

या इतिहासाचा अर्थ सरळ आहे. वसतिगृह हे शिक्षणाचे शेपूट नसून शिक्षणाचा पाया आहे. आजही सरकारी वसतिगृहात सगळ्यांना जागा मिळत नाही, म्हणून तर शासनाला २०१६-१७ पासून बाबासाहेबांच्याच नावाने स्वाधार योजना आणावी लागली. ती रक्कम वेळेवर मिळावी यासाठी जाब विचारलाच पाहिजे. पण सरकारकडे बोट दाखवून आपली जबाबदारी संपत नाही. सोलापूरची जयंती साऱ्या महाराष्ट्रात गाजते. प्रत्येक मंडळाने मिरवणुकीच्या खर्चातून खेड्यातून आलेल्या दोन मुलामुलींच्या खोलीचे भाडे आणि डब्याचे पैसे बाजूला काढले, तर बाबासाहेबांनी १९२५ साली याच शहरात लावलेला दिवा तेवत राहील. निळ्या झेंड्याखाली नाचणाऱ्या पावलांनी एकदा अशा मुलाच्या खोलीची पायरीही चढावी.

जयभीम!