विश्लेषण : एव्हरेस्टवीर तेनझिंग यांनी भारताला दोर धरायला कसे शिकवले?

नांदुऱ्याच्या उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आणि मध्ये पूर्णेचे सपाट खोरे. इथे बर्फ दिसतो तो रसवंतीवर. पण दोर आणि विहीर इथल्या माणसाला चांगली ठाऊक आहे. विहिरीत पडलेल्या एकाला काढायला घाईने उतरलेला दुसराही कसा जातो, हेही नव्याने सांगायला नको. हिमनदीच्या फटीत नेमका हाच धोका असतो. तो टाळण्याचे पद्धतशीर शिक्षण भारतात रुजवणाऱ्यांत पहिले नाव तेनझिंग नोर्गे यांचे. शाळेच्या पुस्तकात ते २९ मे १९५३ रोजी एव्हरेस्टवर पोहोचतात आणि धडा संपतो. त्यापुढची २२ वर्षे त्यांनी काय केले, हे फारसे सांगितले जात नाही.

तेनझिंग मूळचे कुठले?

जन्म १९१४चा, नेमकी तारीख माहीत नाही. एव्हरेस्टच्या पायथ्याच्या खुंबू भागात, याक राखणाऱ्या गरीब शेर्पा कुटुंबात ते वाढले. १३ भावंडांत ११वे. घरात ठेवलेले नाव नामग्याल वांगदी. एका मठाच्या प्रमुख लामांनी ते बदलून तेनझिंग नोर्गे केले. शाळा पाहिली नाही. पुढे अनेक भाषा बोलायला शिकले, पण लिहिणे-वाचणे शेवटपर्यंत जमले नाही. मोहिमांसाठी भारवाहकांची भरती दार्जिलिंगमध्ये होते, हे कळल्यावर तरुणपणीच ते घर सोडून तिथे आले. १९३५ मध्ये एरिक शिप्टन यांनी त्यांना एव्हरेस्टच्या पाहणी मोहिमेसाठी निवडले. आधीच्या कामाचा दाखला नसलेला हा नवखा पोरगा, जवळजवळ शेवटच्या क्षणी घेतलेला.

बचावाच्या कामाशी त्यांचा संबंध कधी आला?

त्या काळात डोंगरावर सर्वाधिक जोखीम ओझे वाहणाऱ्याची असे आणि शिक्षण त्यालाच सर्वात कमी. १९२२ मध्ये एव्हरेस्टवर हिमप्रपाताने घेतलेले पहिले सातही बळी भारवाहकांचे होते. दोर तागाचे किंवा अशाच धाग्याचे. ओले झाले की गोठून काठीसारखे कडक होत आणि जोरात हिसका बसला तर तुटत.

१९४७ मध्ये तेनझिंग एका स्विस मोहिमेबरोबर गढवालमध्ये गेले. केदारनाथ शिखरावर मोहिमेचे सरदार, म्हणजे शेर्पांचे प्रमुख, वांगदी नोर्बू घसरले आणि गंभीर जखमी झाले. त्यांच्या सुटकेच्या कामात तेनझिंग पुढे होते. त्यानंतर सरदारपद तेनझिंग यांच्याकडे आले आणि पुढे त्याच शिखराच्या माथ्यावर गेलेल्या तुकडीतही ते होते. सरदार म्हणून त्यांची ही पहिलीच मोहीम. बढतीची वाट एका अपघातातून गेली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

हिलरी फटीत पडले तेव्हा काय झाले?

एप्रिल १९५३. खुंबूच्या हिमप्रपाती भागात एडमंड हिलरी आणि तेनझिंग एका दोरात बांधलेले होते. हिलरी यांनी एका फटीवरून उडी मारली आणि पायाखालचा बर्फाचा कठडा तुटला. हिलरी खाली जाऊ लागले. तेनझिंग यांनी त्याच क्षणी बर्फकुऱ्हाड बर्फात रोवली, दोराचा वेढा तिच्याभोवती टाकला आणि स्वतः अंग टाकून भार घेतला. हिलरी काही फूट खाली जाऊन थांबले आणि सुखरूप वर आले. महिनाभराने हीच जोडी शिखरावर होती. सोबती म्हणून तेनझिंगच हवेत, हे हिलरी यांच्या मनात या प्रसंगानंतर पक्के होत गेले, असे मानले जाते.

यात ताकदीपेक्षा तीन गोष्टी महत्त्वाच्या होत्या. दोर ढिला सोडलेला नव्हता. भार हातावर न घेता जमिनीत रोवलेल्या वस्तूवर घेतला गेला. आणि दोर नायलॉनचा होता. नायलॉन ताणला जातो, त्यामुळे हिसका मवाळ होतो. पहिल्या दोन गोष्टी शिकवता येतात.

शिखर जिंकल्यावर पुन्हा विद्यार्थी?

एव्हरेस्टनंतर तेनझिंग यांची ओढाताण झाली. भारत आणि नेपाळ दोघांनाही ते आपले हवे होते. शिखरावर पहिले पाऊल कुणाचे, यावर वाद रंगले. हिलरी आणि मोहिमेचे नेते जॉन हंट यांना ब्रिटनने ‘सर’ केले, तेनझिंग यांना मात्र जॉर्ज पदक. ही तफावत आजही अनेकांना खटकते, आणि खटकायलाच हवी.

पंतप्रधान जवाहरलाल नेहरू आणि पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांनी दार्जिलिंगमध्ये गिर्यारोहण शिकवणारी संस्था काढायचे ठरवले. क्षेत्र प्रशिक्षणाचे प्रमुख म्हणून तेनझिंग यांचे नाव पुढे आले. एव्हरेस्ट जिंकलेल्या माणसाला आणखी काय शिकवायचे, असे कुणालाही वाटेल. तसे न मानता १९५४ मध्ये वयाच्या चाळिशीत ते सहा शेर्पांना घेऊन स्वित्झर्लंडला गेले. रोझेनलाउई येथे आर्नोल्ड ग्लाटहार्ड यांची गिर्यारोहण शाळा होती. तिथे हे सात जण विद्यार्थी झाले.

आल्प्समधले वाटाडे पिढ्यान् पिढ्या हाच व्यवसाय करत आले होते. कोणती गाठ कुठे, भार कुठे घ्यायचा, जखमीला कड्यावरून कसे उतरवायचे, हे त्यांच्याकडे क्रमाने मांडलेले शास्त्र होते. तेनझिंग यांच्या हातांना यातले पुष्कळ येत होते. मात्र स्वतःला येणे वेगळे आणि कालपर्यंत दोर न पाहिलेल्या मुलाला ते टप्प्याटप्प्याने शिकवणे वेगळे. तेनझिंग यांच्या आयुष्यातला हा निर्णय मला शिखरापेक्षा कमी मोलाचा वाटत नाही.

४ नोव्हेंबर १९५४ रोजी हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट सुरू झाली. पहिले प्राचार्य मेजर नरेंद्र धर जयाल. ते १९५८ मध्ये चो ओयूच्या मोहिमेत उंचीवरच्या आजाराने गेले. तेनझिंग मात्र १९७६ पर्यंत शिकवत राहिले. दार्जिलिंगजवळ लेबाँगच्या रस्त्यावरच्या एका खडकावर सराव चाले. तो आज तेनझिंग रॉक म्हणून ओळखला जातो. बर्फाचे धडे सिक्कीममधल्या हिमनदीवर.

दोराने माणूस वर काढतात तो कसा?

पहिला नियम, फटीकडे धावायचे नाही. दोर धरलेला माणूस जागेवर राहतो, दुसरा अँकर तयार करतो. अँकर म्हणजे भार पेलणारा आधार. खडकात तो भेगेत किंवा मोठ्या दगडाभोवती मिळतो. बर्फात तो घडवावा लागतो. बर्फकुऱ्हाड आडवी पुरून तिला दोर बांधतात. विहिरीवर दोराला खांबाचे दोन वेढे दिले की एकटा माणूस मोठे वजन सावकाश सोडू शकतो. घर्षणाचे हेच तत्त्व इथेही चालते.

मग भार अँकरवर सरकवायचा. त्यासाठी मुख्य दोरावर बारीक दोरीची प्रुसिक गाठ मारतात. ती मोकळी असताना सरकते आणि ताण आला की आवळते. ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिक यांच्या नावाने ती ओळखली जाते. फटीच्या काठावर दोर बर्फात रुतून बसू नये म्हणून खाली सॅक किंवा कुऱ्हाडीचा दांडा सरकवतात. हे विसरले तर दहा जणांनी ओढूनही दोर हलत नाही.

शेवटी कप्पी. दोर इंग्रजी ‘झेड’ अक्षरासारखा फिरवला की ७५ किलोच्या माणसासाठी हिशेबाने २५ किलोची ओढ पुरते. प्रत्यक्षात घर्षणामुळे जास्त लागते, आणि माणूस एक मीटर वर यायला तीन मीटर दोर ओढावा लागतो.

दोराच्या लांबीचा हिशेब तर नांदुऱ्यातच करता येईल. महामार्गावरची हनुमानाची मूर्ती १०५ फुटांची, म्हणजे ३२ मीटर. तेवढ्या उंचीच्या कड्यावरून उतरून दोर खालून ओढून परत घ्यायचा असेल, तर तो दुहेरी टाकावा लागतो. म्हणजे ६४ मीटर. गिर्यारोहक बहुधा ५० किंवा ६० मीटरचा दोर बाळगतात, दोन्ही अपुरे. दोन दोर जोडायला हवेत, आणि जोडाची गाठ चुकली तर पुढचे सांगायला नको.

तेनझिंग यांची शेवटची वर्षे कशी गेली?

१९५९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. निवृत्तीनंतर ते संस्थेचे सल्लागार होते. त्यांच्या जागी आलेले नवांग गोंबू त्यांचे भाचे, आणि एव्हरेस्टवर दोनदा जाणारे पहिले गिर्यारोहक. ९ मे १९८६ रोजी दार्जिलिंगमध्ये तेनझिंग यांचे निधन झाले. अंत्यसंस्कार संस्थेच्याच आवारात करण्यात आले.

आज हे शिकायचे तर काय करावे लागते?

दार्जिलिंगखेरीज उत्तरकाशी आणि मनाली येथेही सरकारी संस्था आहेत. आधी सुमारे महिनाभराचा बेसिक, त्यात चांगली श्रेणी मिळाली तर अ‍ॅडव्हान्स, आणि त्यानंतर सर्च अँड रेस्क्यू. थेट शेवटच्या वर्गात प्रवेश नाही. प्रशिक्षण घेतले म्हणजे डोंगर माफ करतो असे नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये द्रौपदी का डांडा शिखरावर हिमप्रपातात उत्तरकाशीच्या संस्थेचे प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षकही गेले. महाराष्ट्रात बर्फ नाही, पण लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारखी पथके सह्याद्रीच्या दऱ्यांतून अडकलेल्यांना काढतात, तेव्हा अँकर, प्रुसिक आणि कप्पी याच तीन गोष्टी त्यांच्या सॅकमधून बाहेर येतात. नांदुऱ्यातून दार्जिलिंगला निघायचे तर मुंबई-हावडा लोहमार्ग गावातूनच जातो. हावड्याहून पुढे न्यू जलपायगुडी आणि तिथून डोंगर सुरू होतो.