पंडिता रमाबाई : आश्रितांनीच सांभाळलेला आश्रय

पंडिता रमाबाईंचे नाव निघाले की त्यांची विद्वत्ता, परदेशगमन आणि धर्मांतर यांचीच चर्चा प्रथम होते. त्या ऐन तारुण्यात पोरक्या झाल्या होत्या, ही गोष्ट मागे पडते. वस्तुतः त्यांच्या पुढील कार्याचे मूळ त्या पोरकेपणात आहे.

२३ एप्रिल १८५८ रोजी आजच्या कर्नाटकातील पश्चिम घाटात, गंगामूळ येथे त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीला संस्कृत शिकविले होते. लक्ष्मीबाईंनी तीच विद्या मुलीला दिली. रमा सहा महिन्यांची असताना कुटुंब घर सोडून तीर्थाटनास निघाले, तेव्हा तिला वेताच्या पेटीत घालून नेण्यात आले. पुढे पुराणकथन हाच निर्वाहाचा आधार राहिला. दुष्काळात तोही तुटला. आई, वडील आणि थोरली बहीण काळाआड गेली, तेव्हा रमा जेमतेम सोळा वर्षांची होती. भाऊ श्रीनिवास याच्यासह ती अर्धपोटी देशभर पायी हिंडली. १८७८ साली दोघे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्यांनी गौरविले. पण १८८० मध्ये भाऊ गेला आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी दास गेले. पदरी तान्ही मनोरमा होती.

त्याच वर्षी पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला आणि हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षिका व स्त्रीवैद्य यांची निकड मांडली. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या व तेथे ख्रिस्ती झाल्या. पुढे अमेरिकेत साहाय्य मिळवून त्या परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास हलले.

सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई ही बालविधवा होती. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला आणि ती आनंदीबाई झाली. जिला स्वतःला आधार हवा होता, ती पुढे कर्व्यांच्या आश्रमासाठी दारोदार वर्गणी मागू लागली.

त्याच १८९३ साली सदनातील धर्मप्रभावावरून पुण्यात वादळ उठले. रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. पालकांची शंका निराधार होती असे म्हणता येत नाही. तरीही संपादक, सुधारक आणि पालक यांच्या त्या गदारोळात खुद्द मुलींचा आवाज क्वचितच ऐकू आला. जिच्या आयुष्याचा निर्णय व्हायचा, तिलाच विचारायचे नाही, ही आपली जुनी खोड आहे.

१८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. स्वतःच्या तरुणपणीची उपासमार रमाबाई विसरल्या नव्हत्या. त्या स्वतः तेथे गेल्या आणि सुमारे ३०० मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून सदनाच्या उत्पन्नासाठी घेतलेल्या केडगावच्या जमिनीवर निवारा उभारला गेला. तेच मुक्तिसदन. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील संख्या २००० च्या घरात गेली. एवढा पसारा बाहेरच्या नोकरांच्या बळावर चालणे अशक्य होते. शारदासदनात वाढलेल्या मुलीच नव्या मुलींच्या शिक्षिका आणि सांभाळकर्त्या झाल्या. शेती, माग, तेलघाणा, छापखाना सारे त्यांच्या हाती होते. अंध मुलींना ब्रेल शिकविले गेले. उपाशी मुलगी अन्न का लपविते आणि परक्या हाताला का भिते, हे उपास काढलेल्या मुलीइतके कोणाला कळणार?

मात्र संस्था कितीही मायेची असली तरी ती कुटुंब नव्हे. हजारो मुलींमागे एकेक घर उभे करणे त्या काळी रमाबाईंच्या हाती नव्हते, आणि केडगावचे धार्मिक वातावरणही मुलींनी निवडलेले नव्हते. ही मर्यादा मान्य करूनच त्यांच्या कार्याची थोरवी सांगितली पाहिजे.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी केडगावी देह ठेवला.

आज बाल न्याय अधिनियम, २०१५ सांगतो की बालकाचे म्हणणे ऐकले जावे, त्याला शक्यतो कुटुंब मिळावे आणि संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय असावा. बालगृहे आणि दत्तकविधान यांचे नियम ठरविताना त्याच वाटेने गेलेल्या तरुणांना किती वेळा बोलावले जाते, हा प्रश्न आपल्या प्रत्येक गावाने स्वतःला विचारावा. आश्रय घेतलेल्याला दुसऱ्याच्या आश्रयाची जबाबदारी देता येते, हे रमाबाईंनी शतकापूर्वी केडगावात करून दाखविले आहे.