पंडिता रमाबाई : मुलांसाठी काय साठवावे?



गेल्या हिवाळ्यात चंदीगड येथे एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात प्रार्थनेसाठी आम्ही जमलो होतो. प्रार्थना आटोपल्यावर चहाच्या वेळी घरधन्यांनी एक प्रश्न पुढे केला. घरकर्जाचे हप्ते, महिनाअखेरची ओढाताण, मंडळीला द्यावयाचा दशांश, यांपैकी कशाचीच कल्पना त्यांनी आपल्या मुलांना दिलेली नव्हती. मुलांना काही कमी पडू द्यायचे नाही, एवढेच व्रत त्यांनी पाळले होते. हे बरोबर झाले काय, असे त्यांनी विचारले. मला तेथे धड उत्तर देता आले नाही. परतताना गाडी धुक्यातून अंबाल्याकडे चालली असता मला पंडिता रमाबाईंची आठवण झाली.

अशाच उत्तरेकडील थंडीत, सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी, रमाबाई आणि त्यांचे थोरले बंधू श्रीनिवास पायी फिरत पंजाबात झेलम नदीच्या काठी पोहोचले होते. अंगावर घ्यायला पांघरूण नव्हते. म्हणून त्या दोघांनी वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणले, त्यांत शिरून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली आणि रात्र काढली. ही दोन्ही मुले संस्कृतात पारंगत होती. हजारो श्लोक त्यांच्या जिभेवर होते. मग त्यांच्यावर ही वेळ का यावी?

त्याचे उत्तर त्यांच्या आईवडिलांच्या घरात सापडते. रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान होते. पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकविल्यामुळे त्यांना सनातन्यांचा रोष पत्करावा लागला होता. रानातील त्या आश्रमात विद्यार्थी आणि यात्रेकरू यांची सतत वर्दळ असे. येणाऱ्याला विन्मुख पाठवायचे नाही हा शास्त्रीबुवांचा बाणा होता. त्या आतिथ्यात पैसा संपला, आणि रमाबाई सहा महिन्यांच्या असताना त्यांना वेताच्या पेटाऱ्यात घालून कुटुंब तीर्थयात्रेला बाहेर पडले. पुढे पुराण सांगून पुष्कळ दक्षिणा मिळे, आणि ती ब्राह्मणांना व देवस्थानांना अर्पण केली जाई. मुलांनी पोटासाठी दुसरे काही काम शिकावे, हे मात्र शास्त्रीबुवांच्या कुलाभिमानाला मानवत नव्हते.

१८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळाने ग्रासले. गाठीशी उरलेला पैसा देवांना प्रसन्न करण्यासाठी खर्ची पडला. मग दागिने, चांदीची व तांब्यापितळेची भांडी विकली गेली. शेवटचा तांदळाचा दाणा संपल्यावर हे कुटुंब रानात शिरले आणि अकरा दिवस पाणी, पाला व मूठभर रानखजुरावर जगले. वृद्ध पित्याने तेव्हा पवित्र तलावात देह सोडण्याचा निश्चय केला आणि मुलांचा निरोपही घेतला. त्या क्षणी श्रीनिवास पुढे झाले. कुलाचा अभिमान टाकून आपण मजुरी करू आणि आईवडिलांना पोसू, असे त्यांनी सांगितले. ते ऐकून पित्याने आपला बेत सोडला.

वाचकहो, या प्रसंगापाशी मी नेहमी थबकतो. ज्या कामाला बापाने आयुष्यभर हलके मानले, तेच काम करण्याचे वचन देऊन मुलाने बापाचे प्राण वाचविले. पण त्यालाही फार उशीर झाला होता. रानातून बाहेर पडल्यावर थोड्याच दिवसांत अनंतशास्त्री वारले. आईही त्यांच्या मागोमाग गेली. ती अंथरुणाला खिळली असता तिच्यासाठी बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागायला रमाबाई शेजारच्या एका ब्राह्मण बाईकडे गेल्या. लाजेने त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. त्या बाईने तुकडा दिला, परंतु तो गिळण्याची शक्ती आईत उरली नव्हती. पुढे काही महिन्यांनी थोरली बहीणही गेली.

नव्या कराराचे भाषांतर करताना माझ्यासमोर एक अडचण वारंवार उभी राहते. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रभू येशू पृथ्वीवर संपत्ती साठवू नका म्हणून बजावतात. उलट करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या बाराव्या अध्यायात, आईबापांनी मुलांसाठी साठवावे हे पौल सहज मान्य करतो. दोन्ही ठिकाणी मूळ ग्रीक क्रियापद एकच आहे. साठवणे चुकीचे नसेल, तर मग काय साठवायचे? अनंतशास्त्र्यांनी दोन्हीपैकी काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पैशाच्या बाबतीत त्यांनी मुलांना निराधार केले हे खरे. पण लक्ष्मीबाईंनी भल्या पहाटे धाकट्या मुलीला जी विद्या शिकविली, तिच्याच बळावर १८७८ साली कलकत्त्यात त्या मुलीचा पंडिता व सरस्वती म्हणून गौरव झाला.

१८८० साली श्रीनिवास वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह केला. १६ एप्रिल १८८१ रोजी मनोरमा जन्मली आणि ती वर्षाचीही नसताना, फेब्रुवारी १८८२ मध्ये, पटकीने तिचे वडील गेले. तेवीस वर्षांच्या विधवेजवळ तान्ही मुलगी, आणि जवळचे असे माहेर नाही! पुण्यास येऊन रमाबाईंनी ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि त्याच्या विक्रीच्या पैशातून १८८३ साली इंग्लंडच्या प्रवासाचे भाडे भरले.

वाँटेज येथील भगिनींनी मायलेकींना आश्रय दिला आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी दोघींचा बाप्तिस्मा झाला. येथे खरी कसोटी होती. अन्न, वस्त्र, निवारा सर्व परक्यांच्या औदार्यावर, आणि त्याबरोबर मनोरमेला कसे वाढवावे याविषयी त्या परोपकारी भगिनींची ठाम मते. रमाबाईंनी उपकार मानले, पण आईचा अधिकार त्यांच्या हाती दिला नाही. मुलीने आपल्या गरीब देशबांधवांत त्यांच्यापैकीच एक होऊन राहावे, स्वतःला त्यांच्याहून श्रेष्ठ समजू नये, आपल्या लोकांचे नाव निघाल्यावर तिला लाज वाटू नये, हे त्यांनी पत्रांतून निक्षून सांगितले. ज्याचे खावे त्याच्या ओंजळीने पाणी प्यावे, हा व्यवहार त्यांनी धुडकावला.

पुढे अमेरिकेत त्यांचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांविषयीचे पुस्तक १८८७ साली गाजले. बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि दहा वर्षे साहाय्याचे वचन मिळाले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. दहा वर्षांची मदत कधीतरी संपणार, हे या बाईने पहिल्यापासून ओळखले होते. केडगावला जमीन घेऊन फळझाडे लावण्यामागे तोच हिशेब होता. देवावर भरवसा आणि आंब्याची कलमे या दोहोंत त्यांना विरोध दिसला नाही. जॉर्ज म्यूलर यांचे चरित्र त्यांच्या वाचनात होते, तसा पाल्याचे जेवण झालेला तो काळही त्यांच्या स्मरणात होता.

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुलींना त्यांनी आणले, आणि पुढे गुजरातच्या दुष्काळानंतर मुक्तीत जवळजवळ दोन हजार माणसे झाली. त्या मुलींना अक्षरे शिकविली, तसे विणकाम, शेती, तेलाचा घाणा, शिवण, धुलाई आणि छापखान्याचे कामही शिकविले. हाताने काम करण्यात कमीपणा आहे, असे मानणारी एकही मुलगी आपल्या घरातून बाहेर पडू नये, असा जणू त्यांचा पण होता. ही शिकवण नुसत्या पुस्तकातून आली नसावी. रानात उभे राहून वडिलांना वचन देणारा भाऊ त्यामागे असला पाहिजे.

आणि मनोरमा? तिला इंग्लंड-अमेरिकेचे शिक्षण मिळाले, पुढे तिने पदवी घेतली, ऑस्ट्रेलियात जाऊन मुक्तीच्या कार्याची माहिती दिली, शारदा सदनाची जबाबदारी वाहिली आणि गुलबर्ग्यात शाळा चालविली. आपल्यामागे हे कार्य तिने चालवावे, अशी आईची अपेक्षा होती. तिचे स्वतःचे घर मात्र कधी झाले नाही. लहानपणी आईपासून दूर राहावे लागले, मोठेपणी शेकडो बहिणींत आईची वाटणी झाली. अशा थोर आईने मुलीला निवड करण्यास पुरेशी जागा ठेवली होती काय, हा प्रश्न मला सोडता येत नाही. आजोबांनी नातलगांना न विचारता सर्वस्व देवांना वाहिले. मनोरमेच्या बाबतीत आईचे वेगळेपण एवढेच की, घरात काय आहे आणि काय नाही हे त्या मुलीला बालपणापासून ठाऊक होते. तिने दिले ते डोळसपणे दिले.

१९०७ साली रमाबाईंनी आपली साक्ष प्रसिद्ध केली, तिच्या नावातच अक्षय ठेव्याचा उल्लेख आहे. तोवर त्या पवित्र शास्त्राच्या भाषांतराला लागल्या होत्या. त्यासाठी वयाच्या पन्नाशीच्या सुमारास त्या ग्रीक व इब्री शिकल्या.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा चाळीस वर्षांची होऊन वारली. आई आजारी आणि बहिरी झालेली. तिने काम थांबविले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. संपूर्ण मराठी पवित्र शास्त्र १९२४ साली केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडले. त्याचे खिळे जुळविणाऱ्या व पाने छापणाऱ्या बहुतेक त्याच होत्या, ज्यांना कधी काळी दुष्काळातून उचलून आणले होते.