छापायला कोणी धजेना, तेव्हा जोतीरावांनी 'असूड' गावोगावी वाचून दाखवला

२८ नोव्हेंबर जवळ आला की आपण महात्मा फुल्यांच्या प्रतिमेला हार घालतो. भाषणात 'शेतकऱ्याचा असूड'चे नाव निघते, टाळ्या पडतात. पण हे पुस्तक जोतीरावांच्या हयातीत कधीच पूर्ण छापून निघाले नाही, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? लिहून झालेले पुस्तक घेऊन हा माणूस वाचक शोधत फिरला. तरुण कार्यकर्त्यांनी हा इतिहास समजून घ्यायला हवा.

नकार जोतीरावांना नवा नव्हता. १८२७ साली जन्मलेल्या या माणसाने १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली आणि १८५५ मध्ये 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. गरोदर बायको असलेल्या गरीब कुणब्याला जोशी ग्रहदशेची भीती घालून कसा लुबाडतो, हे त्यात दाखवले होते. ते दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवले. कमिटीने ते नाकारले. पुढे ते छापले गेले १९७९ साली, म्हणजे तब्बल १२४ वर्षांनी! जोतीराव मात्र लिहीत राहिले. १८६९ मध्ये शिवाजी महाराजांचा पोवाडा आला आणि १८७३ मध्ये 'गुलामगिरी'. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज उभा राहिला.

'शेतकऱ्याचा असूड' १८८३ च्या जुलै महिन्यात पूर्ण झाला. जोतीराव स्वतः बांधकामाची कंत्राटे घेत, मांजरीला शेती करत. कालव्याचे पाणी, सरकारी कचेरी, कारकुनाची चिरीमिरी हे सगळे त्यांनी जवळून पाहिले होते. म्हणूनच या पाच प्रकरणांत नुसता संताप नाही, हिशेब आहे. शेतकऱ्याच्या जन्मापासून मरणापर्यंत धर्मविधींच्या नावाने पैसा कसा काढला जातो, वाढीव सारा आणि सावकारी कर्ज त्याला कसे पिळते, जंगलखात्याने गायरान कसे बळकावले, आळशी गोरा साहेब भट कामगारांच्या डोळ्यांनी राज्य कसे पाहतो, हे सगळे त्यात आहे. उपायही आहेत : तलाव आणि बंधारे बांधा, जनावरांची पैदास सुधारा, शेतकऱ्यांच्या मुलांना शिकवा.

आता एकाच पुस्तकात भटशाही, सावकारशाही आणि इंग्रज सरकार या तिघांवर कोरडे ओढल्यावर छापणार कोण? 'दीनबंधू' हे सत्यशोधकांचे पत्र तेव्हा नारायण मेघाजी लोखंडे चालवत होते. त्यात सुरुवातीची दोन प्रकरणे आली आणि छपाई थांबली. परके सोडाच, इथे घरचाच छापखाना मागे सरला. आपल्याच शूद्र समाजातले छापखानेवाले भेकड निघाले, याची खंत जोतीरावांनी लिहून ठेवली आहे.

मग त्यांनी काय केले? हस्तलिखित काखेत मारले आणि ते लोकांपुढे गेले. पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी त्यांनी ते वाचून दाखवले. बडोद्याला जाऊन विशीतल्या सयाजीराव गायकवाडांनाही ऐकवले. एकीकडे राजा, दुसरीकडे अक्षरओळख नसलेला कुणबी-माळी, आणि दोघांपुढे तेच पुस्तक!

समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला यात एक मोठी गोष्ट दिसते. ज्या शेतकऱ्यासाठी पुस्तक लिहिले, त्याला वाचता येतच नव्हते. हजार प्रती छापल्या असत्या, तरी त्या त्याच्या हाती गेल्या नसत्या. कोणीतरी ते मोठ्याने वाचायलाच हवे होते, आणि ते काम लेखकाने स्वतः केले.

१८८५ मध्ये मराठी ग्रंथकार सभेचे निमंत्रण आले, तेव्हा जोतीरावांनी ते स्पष्ट नाकारले. जिथे शूद्रातिशूद्रांचे दुःख पोहोचत नाही, त्या सभेची मान्यता त्यांना नको होती. १८८८ मध्ये अर्धांगवायूने उजवा हात गेला, तर डाव्या हाताने लिहून 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' पूर्ण केले. १८९० मध्ये ते गेले. पुढच्या वर्षी मुलगा यशवंत याने ते पुस्तक प्रसिद्ध केले. हाही ग्रंथ छापील रूपात त्यांना पाहता आला नाही.

तरी वाचक मिळाले. त्यातला एक वाचक म्हणजे बाबासाहेब. बुद्ध आणि कबीर यांच्याबरोबर फुल्यांना त्यांनी गुरू मानले आणि १९४६ मध्ये 'शूद्र पूर्वी कोण होते?' हा ग्रंथ त्यांनाच अर्पण केला.

वस्त्यांमध्ये काम करताना अनेक विहारांतली कपाटे मी पाहते. 'असूड' तिथे असतो, कोऱ्या करकरीत पानांचा. जे पुस्तक छापायला कोणी तयार नव्हते, ते आज सहज मिळते, पण ते उघडले जात नाही. मित्रांनो, येत्या २८ नोव्हेंबरला हार घालाच, पण त्यानंतर अर्धा तास बसा आणि 'असूड'चे एक प्रकरण मोठ्याने वाचा. वस्तीतल्या ज्या आजीला वाचता येत नाही, तिला पुढच्या रांगेत बसवा. जोतीरावांनी हे पुस्तक तिच्यासाठीच लिहिले होते.

जय जोती! जय भीम!